एका मोटारीचा जीर्णोद्धार

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



श्रीकालिकामातेला वंदन करून मी माझ्या विषयास आरंभ करतो. चिटणीसांनी व्याख्यानाचे निमंत्रण दिले तेव्हा मी त्यांना स्पष्टच सांगितले की, मी वक्ता नव्हे. माझे आयुष्य कारखान्यात गेले, आणि निवृत्तीनंतरचा काळ घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका मोडक्या मोटारीच्या संगतीत गेला. त्यावर ते म्हणाले, "मग त्या मोटारीवरच बोला." विद्यार्थी साहाय्य निधी, वधूवर मेळावे, वसतिगृह अशा विषयांची जेथे चर्चा व्हावयाची, तेथे एका छंदाचे पुराण लावणे कितपत उचित, असा प्रश्न मला पडला होता. परंतु विचारांती वाटले की, ही हकीकत मोटारीची असली तरी ती अखेर आपल्याच उंबरठ्याशी येऊन पोचते. म्हणून ती आपल्यापुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे.

ती मोटार मी प्रथम पाहिली ती १९६८ सालच्या सुमारास. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. माझे वडील तांबट आळीत बंब आणि घंगाळी घडवीत. सदाशिव पेठेतील एका वाड्याचा बंब दुरुस्त करून पोचविण्यास ते निघाले, तेव्हा हातगाडीमागे मीही गेलो. वाड्याच्या चौकात एक लालभडक, बसकी, दोनच माणसांची मोटार उभी होती. पुढे लांबलचक नाक, दोन्ही बाजूंस बाहेर आलेले मोठाले दिवे, आणि चाकांवरून लाटेसारखी उतरत गेलेली मडगार्डे. वडील पैशांचा हिशेब करीत होते तेवढा वेळ मी मडगार्डावर हात ठेवून उभा होतो. घरी परतताना वडील म्हणाले, "पत्रा चांगला ओढलाय." त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी कधी ऐकली नाही.

त्यानंतर पन्नास वर्षे लोटली. २०१८ साली मी निवृत्त झालो, आणि त्याच वर्षी तो वाडा पाडून तेथे इमारत उभी करण्याचे ठरले. मोटार तेथेच होती. चाळीस वर्षांहून अधिक काळ ती जागची हलली नव्हती. चाकांतील हवा गेली होती, आसनांत उंदरांनी संसार थाटला होता, लाल रंगाचे पापुद्रे सुटले होते. वारसांना जागा मोकळी करण्याची घाई होती. सुदैवाने नोंदणीचे मूळ पुस्तक एका कपाटात सापडले. माझ्या भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कम त्या दिवशी कोठे गेली, हे आमच्या सौ.ना नंतर समजले.

आता या मोटारीविषयी थोडेसे. तिचे नाव एम.जी. टी.डी. 'एम.जी.' ही 'मॉरिस गॅरेजेस' या नावाची आद्याक्षरे होत. इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे विल्यम मॉरिस यांची मोटारविक्रीची व दुरुस्तीची पेढी होती. तिचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२० नंतरच्या दशकात मॉरिसच्या साध्या मोटारींना हलकी व डौलदार अंगे चढवून त्या विकण्यास प्रारंभ केला, आणि त्यातून हा स्वतंत्र वंश निघाला. १९२९ पासून १९८० पर्यंत या मोटारींचा कारखाना ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन या गावी होता. टी.डी. हा प्रकार १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत तेथे बनत होता. सुमारे ३०,००० मोटारी निघाल्या आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेस गेल्या, कारण युद्धाने खंगलेल्या इंग्लंडला डॉलर हवे होते. आज आपल्या रस्त्यांवर २०१९ पासून याच नावाच्या नव्या मोटारी दिसतात. पण त्यांचे आणि हिचे नाते केवळ आडनावापुरते आहे.

हिचे इंजिन १२५० घन सेंटिमीटरचे आणि शक्ती ५४ अश्वांची. आजची मध्यमवर्गीय घरातील साधी मोटारही याहून बलवान असते. मग हिला स्पोर्ट्‌स मोटार का म्हणावयाचे? कारण तिचा वेग आकड्यात नाही. माणूस जमिनीपासून हातभर उंचीवर बसतो, वारा तोंडावर येतो, सुकाणूचे चाक किंचित वळविले की पुढची चाके तत्काळ वळतात, आणि रस्त्यावरील प्रत्येक खडा तळहाताला कळतो. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये येथे पडदा नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे तळहाताचा विषय पुन्हा येणार आहे.

या छंदात नवशिक्याची पहिली चूक असते ती घाईची. चार पाने हाती आले की सारे यंत्र एका दिवसात सुटे करावेसे वाटते. सुटे करणे सोपे. परंतु सहा महिन्यांनी पुढ्यात शेकडो बोल्टांचा ढीग पडला की कोणता कोठला हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. मी प्रत्येक भागाचे आधी छायाचित्र घेतले, त्यास चिठ्ठी बांधली, आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत बोल्ट वेगवेगळे ठेवले. बरण्या रिकाम्या होत्या की रिकाम्या करविल्या गेल्या, याविषयी आमच्या घरात दोन मते आहेत.

बोल्टांवरून आठवले. या इंजिनाचे बोल्ट बाजारातील कोणत्याही बोल्टाशी जुळेनात. आटे मिलिमीटरच्या मापाचे, पण डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाची. हा घोळ कसला, म्हणून शोध घेतला तेव्हा मौज कळली. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच शस्त्रास्त्र कंपनीने इंग्लंडात कॉव्हेन्ट्री येथे कारखाना काढला. युद्ध संपल्यावर तेथे मोटारींची इंजिने होऊ लागली, आणि १९२३ साली मॉरिस यांनी तो कारखाना विकत घेतला. यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मिलिमीटरचे. पण मिस्त्र्यांच्या हातातील पाने इंग्रजी, म्हणून डोकी त्या पान्यांना बसतील अशी. ती रीत तेथील इंजिनांत तीस वर्षांनंतरही टिकून राहिली. माणसे गेली तरी कारखान्याचा हात बदलत नाही, याचे हे उदाहरण मला फार बोधप्रद वाटले.

इंजिनाचे दट्टे गंजून सिलिंडरांत पक्के बसले होते. तेथे बळाचा उपयोग नाही. डिझेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण ओतून मी ते तीन आठवडे मुरत ठेवले, रोज थोडे थोडे घालीत गेलो, आणि एके सकाळी पुढची हॅण्डल इंचभर फिरली. त्या दिवशी घरात शिरा झाला.

परंतु खरी कसोटी इंजिनात नव्हती. ती अंगात होती. या मोटारीचे अंग म्हणजे लाकडाची चौकट आणि तिच्यावर ठोकलेला पोलादी पत्रा. मूळ लाकूड अ‍ॅश नावाच्या विलायती वृक्षाचे असते. ते लवचीक, स्क्रू घट्ट धरणारे, पण ओल लागली की कुजणारे. माझ्या मोटारीचे तळचे लाकूड बोटाने चुरगळत होते. मी सागवान वापरण्याचे ठरविले. साग टिकाऊ खरा, परंतु अंगचा तेलकट. सरस लावण्यापूर्वी सांधा अ‍ॅसिटोनने पुसला नाही तर तो सरस धरीत नाही. हे एका वृद्ध सुताराने मला शिकविले.

येथे माझी एक फजिती सांगितली पाहिजे. नवी चौकट मी घडवंचीवर ठेवून पूर्ण केली. दारे अशी बसली की फटीतून पोस्टकार्डही कष्टाने जावे. मोठ्या अभिमानाने ती चौकट चॅसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, चढविली आणि बोल्ट आवळले. त्यासरशी एक दार उघडेना आणि दुसरे लागेना. सांगाडा कितीही सरळ दिसला तरी प्रत्येक बोल्टाखाली कमीअधिक जाडीच्या चकत्या घालून अंग समतल करावे लागते, आणि ते झाल्यावरच दारे जमवावयाची असतात. चार महिन्यांचे काम पुन्हा सोडावे लागले. घडवंचीवर सुबक दिसणारी वस्तू स्वतःच्या पायावर उभी राहिल्यावर सुबक राहील, असे नाही.

आता पत्र्याकडे वळतो. पुढच्या दोन्ही मडगार्डांवर कोणी तरी कधी काळी बोटभर जाडीची पुट्टी भरली होती. ती खरवडली तेव्हा खाली खड्डे, गंज, आणि ठोकून ठोकून ताणलेला पत्रा निघाला. ताणलेल्या पत्र्याचा स्वभाव मोठा चमत्कारिक. एके ठिकाणी दाबला की दुसरीकडे उसळतो. तेलाच्या डब्याच्या बुडासारखा टकटक आत-बाहेर होतो. जितके ठोकावे तितका तो आणखी फुगतो. मोटारदुरुस्तीच्या एका दुकानात दाखविले, तर तेथील कारागीर म्हणाला, "साहेब, पुन्हा पुट्टी भरू, रंगाखाली कोण पाहतो?"

बंधुभगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. माझे आजोबा तांबट, पणजोबा तांबट. आपले पूर्वज पेशवाईच्या काळात कोकणातून पुण्यास आले आणि या शहराच्या स्वयंपाकघरांना व न्हाणीघरांना तांबे-पितळ पुरवीत राहिले. इंद्राचे वज्र घडविणाऱ्या त्वष्ट्याचे नाव आपण ज्ञातीला लावतो. आणि मी, यंत्रशास्त्राचा पदवीधर, हातभर पत्रा सरळ करू शकत नव्हतो.

याचे कारणही मला ठाऊक होते. मी अकरावीत असताना शाळेतून आल्यावर वडिलांबरोबर हातोडी धरीत असे. परीक्षेत चांगले गुण मिळाले त्या दिवशी त्यांनी ती माझ्या हातून काढून घेतली आणि म्हणाले, "या ठोक्यांनी माझे कान गेले. तू शिक." त्यांना दोष देण्याचा विचारही माझ्या मनात येत नाही. रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात व्हेनिसचे तांबट दिवसभर ठोकून ठोकून बहिरे होतात, अशी नोंद आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या व्हेनिसचे दुःख ते आपल्या आळीचे दुःख होते. स्टेनलेस स्टील आले, प्लॅस्टिक आले, गॅसचे गीझर आले. बंबाला गिऱ्हाईक उरले नाही. मुलांनी शिकावे, नोकरी धरावी, हा आपल्या वडिलांचा निर्णय शहाणपणाचाच होता. पण त्या निर्णयाबरोबर एक गोष्ट नकळत घडली. धंदा सोडताना आपण त्यातील ज्ञानही सोडले. आणि पुढे पुढे तर ते ज्ञान होते हेही विसरलो. माझ्या कारखान्यात मी तीस वर्षांत कधी कोणाला सांगितले नाही की माझे वडील तांबट होते. आज येथे सांगताना मला त्याची लाज वाटते.

वडील हयात नव्हते. त्यांचे धाकटे बंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू, ते तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. मी त्यांना घरी घेऊन आलो. त्यांना ऐकू फार कमी येई. मडगार्डापुढे बसून त्यांनी पंचाचे टोक तळहाताखाली धरले, डोळे मिटले, आणि पत्र्यावरून हात फिरविला. मग खडूने तीन ठिकाणी खुणा केल्या. मी पट्टी लावून पाहिले. फुगवटे नेमके तेथेच होते. मी मोठ्याने विचारले, "अण्णा, हे कळले कसे?" ते म्हणाले, "कान गेले. हात आहेत ना."

नंतर त्यांनी मला एक प्रश्न विचारला. "तांबे तापवून पाण्यात घातले की मऊ होते. हा पत्रा काय करतो?" त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. पोलादात कार्बन जास्त असेल तर ते विझविल्यावर कडक होते. परंतु मडगार्डाच्या पत्र्यात कार्बन अत्यल्प, म्हणून तो फारसा कडक होत नाही. शिवाय तापलेली जागा फुगते, भोवतालचा थंड पत्रा तिला पसरू देत नाही, आणि निवताना ती आकसते. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिले होते, आणि विसरलो होतो. अण्णांनी माझे बोलणे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "मग त्याला आकसूनच घेऊ."

त्याप्रमाणे आम्ही केले. फुगवट्याच्या माथ्यावर रुपयाएवढी जागा लाल होईपर्यंत तापवावयाची, खाली ऐरणीचा गुटका धरून भोवतीने मोगरीचे हलके ठोके द्यावयाचे, आणि ओल्या फडक्याने विझवावयाची. एकेका जागेनिशी सैल पत्रा गोळा होत गेला. त्यानंतर त्यांनी तो मठारण्यास घेतला. मठारणे हा शब्द आपल्या मुलांपैकी किती जणांनी ऐकला असेल, कोण जाणे! भांडे घडून झाल्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने सर्वांगावर शेजारी शेजारी ठोके देऊन पृष्ठभाग एकसारखा करणे, म्हणजे मठारणे. अण्णा सांगत, "अर्धा ठोका जुन्या ठोक्यावर, अर्धा नव्या जागेवर, आणि हात मनगटातून, खांद्यातून नाही." एकदा ते हसून म्हणाले, "भांड्यावर ठोका मिरवायचा, मोटारीवर लपवायचा. एवढाच काय तो फरक."

उजवे मडगार्ड त्यांनी अकरा दिवसांत केले. कानांना संरक्षक टोपणे लावल्याखेरीज मी त्यांना बसू देत नसे, त्यावर ते म्हणत, "आता काय राखायचंय?" तरी लावीत. काम झाल्यावर हातोडी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "डावे तू कर." मला आठ महिने लागले. पुढे रोगाची साथ आली, जाणे-येणे थांबले, आणि २०२१ च्या पावसाळ्यात अण्णा गेले. डावे मडगार्ड त्यांनी पुरे झालेले पाहिले नाही.

राहिलेले काम त्या मानाने सरळ होते, तरी ज्यांना हा छंद धरावयाचा आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी सांगून ठेवतो. ब्रेक आणि स्टीअरिंग यांच्या बाबतीत काटकसर करू नये. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते आणि आतून गंज धरविते. म्हणून नळ्या व रबरे सारी नवी घालावीत. जुन्या ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुने रबर व कॉर्क खाते, तेव्हा तेही बदलावे. दोन कार्बोरेटरांचा मेळ घालावयाचा तर रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरावे; दोहोंची फूत्कार सारखी येईपर्यंत स्क्रू फिरवावा. आणि या इंजिनाच्या मागच्या बाजूने थोडे तेल गळणारच. तेथे तेल थोपविण्यास केवळ आट्याची खाच आहे. गळती पूर्ण थांबली तर आनंद मानू नये, तेल संपले नाही ना ते पाहावे.

कायद्याचेही पाहावे लागते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील जुन्या, मूळ रूपात राखलेल्या मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. पूर्वी नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. मात्र ती नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शने, फेऱ्या, इंधन व दुरुस्ती यांपुरतीच आणता येते. खर्चाविषयी विचाराल, तर माझ्याकडे वही आहे. तिची शेवटची बेरीज मी मुद्दामच केलेली नाही.

२०२२ च्या दसऱ्याला मी अण्णांची हातोडी आणि माझे पाने शेजारी शेजारी ठेवून पूजा केली, आणि मोटार प्रथम चालू केली. माझा नातू शेजारच्या आसनावर होता. तो महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकतो. उतरल्यावर त्याने विचारले, "आजोबा, मला ठोकायला शिकवाल?" मला जितके येते तितके मी शिकवीत आहे, परंतु खरे सांगावयाचे तर मला येते ते एका मडगार्डापुरते. जे अण्णांना येत होते, त्यातील शंभरावा भागही मी घेऊ शकलो नाही, कारण मी त्यांच्याकडे गेलो तो फार उशिरा. आणि गेलो तोही माझी मोटार अडली म्हणून.

म्हणून या व्यासपीठावरून माझी मंडळाला एक नम्र सूचना आहे. आपल्या मुलांनी पुन्हा बंबच घडवावेत, असे मी म्हणत नाही. ज्यांना तो धंदा पोटाला पुरत नाही त्यांना तसे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु आळीत आजही काही हात काम करीत आहेत. मंडळाने महिन्यातून एक रविवार असा ठेवावा की, शिकलेल्या मुलामुलींनी त्या वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसावे, हातोडी धरावी, प्रश्न विचारावेत, आणि त्यांची उत्तरे लिहून ठेवावीत. त्याबद्दल त्या कारागिरांना योग्य ते मानधन द्यावे. ज्ञानाचे मोल नुसत्या हारतुऱ्याने चुकते होत नाही. या कामी निधीची सुरुवात म्हणून माझी अल्पशी रक्कम मी चिटणीसांकडे दिली आहे.

मोटार बाहेर अंगणात उभी आहे. जाताना आपण सर्वांनी ती अवश्य पाहावी. रंग दोन्हीकडे एकच आहे आणि डोळ्यांना फरक दिसणार नाही. परंतु रुमालाचे टोक तळहाताखाली धरून दोन्ही मडगार्डांवरून हात फिरवा. अण्णांचे कोणते आणि माझे कोणते, हे आपल्याला तत्काळ कळेल. माझ्या मडगार्डात एके ठिकाणी नखाएवढ्या जाडीची पुट्टी आहे. ती मी काढलेली नाही. अजून शिकावयाचे काय राहिले आहे, ते माझ्या ध्यानात राहावे म्हणून ती तेथे असू दिली आहे.